रविवारचं क्रिकेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला मैदानावर, मॅचनंतरच्या चहाच्या टपरीवर आणि टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले गेले आहेत. मी कोच नाही. वीसेक वर्षं पुण्यात रविवारचं क्रिकेट खेळतोय. मधल्या फळीत बॅटिंग करतो आणि कॅप्टन अगदीच हताश झाला तर ऑफस्पिन टाकतो. उत्तरं त्याच मापाने घ्या.

आठवड्यातून एकदाच खेळायला मिळतं. एवढ्यात खेळ सुधारतो का?

सुधारतो. रोज नेटवर जाणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराइतका भराभर नाही, पण सुधारतो. त्या पोराकडे रोजचे दोनशे चेंडू असतात. आपल्याकडे दोन रविवारांच्या मधले सहा दिवस असतात आणि ते आपण ‘काय यार, नशीबच खराब’ म्हणत घालवतो.

मी काही वर्षांपूर्वी मोबाइलमध्ये एक साधी नोंद ठेवायला लागलो. आउट झालो की घरी जाऊन चार गोष्टी लिहायच्या: कितव्या चेंडूवर गेलो, चेंडू कसा होता, कोणता फटका मारला आणि बोलरच्या हातातून चेंडू सुटण्याआधी मी मनात काय ठरवलं होतं. चौथा रकाना लिहायला लाज वाटते, म्हणून तोच प्रामाणिकपणे लिहायचा. वीस डाव झाल्यावर पाहिलं, तर अकरा वेळा मी पहिल्या पंधरा चेंडूंत गेलो होतो आणि त्यातल्या नऊ वेळा फटका आधीच ठरलेला होता. ‘याला मिडविकेटवरून काढतोच’ असं ठरवून उभा होतो, मग चेंडू कुठेही पडो. तोवर मी वर्षानुवर्षं कोपर वर येतंय का, डोकं पडतंय का, हेच तपासत बसलो होतो. कोपराला उगाच बोल लावला.

पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा चौथा रकाना परत येईल. कंटाळा आला तर माफ करा, पण माझ्या हाती लागलेली खरी गोष्ट तेवढीच आहे.

नेटमध्ये सगळं मधोमध लागतं, मॅचमध्ये दहा रनसुद्धा होत नाहीत. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. नेटमध्ये आउट झालं की काय होतं? काही नाही. ‘अरे, चांगला होता’ म्हणायचं, चेंडू पायाने परत ढकलायचा, पुढचा खेळायचा. मॅचमध्ये त्याच फटक्यानंतर पॅड सोडून झाडाखाली बसावं लागतं. नेटमध्ये आपण फटक्यांचा सराव करतो, आउट न होण्याचा करतच नाही.

सचिन तेंडुलकरचे कोच रमाकांत आचरेकर सर यांची शिवाजी पार्कवरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सत्राच्या शेवटी ते सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो बोलर आउट करील त्याला ते नाणं, कुणीच करू शकला नाही तर सचिनला. त्याने तशी तेरा नाणी जपून ठेवली आहेत. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. मला त्यातली युक्ती जास्त आवडते: थकलेल्या पोराला नेटमध्येच मॅचची भीती दाखवायची.

आपल्याला हे सहज जमण्यासारखं आहे. नेटवर प्रत्येकाला वीस मिनिटं मिळतात असं धरा. पहिली दहा मिनिटं हवं ते खेळा. नंतर बोलरला फील्ड लावायला सांगा, म्हणजे तोंडी: ‘मिडऑफ वर, पॉइंट आहे, डीप स्क्वेअर लेग आहे.’ आता तीन ओव्हर. आउट झालात की बाहेर, उरलेले चेंडू दुसऱ्याचे. शनिवारी सकाळी साडेसहाला उठून आलेला माणूस दुसऱ्याच चेंडूवर बाहेर गेला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. चहाची पैज लावली तर आणखी उत्तम. आमच्याकडे हे सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे भांडणंच झाली, पायचीत होतं की नव्हतं यावरून. ती होऊ द्यावीत.

आणि नेट बोलर सहसा नो-बॉल, म्हणजे रेषेच्या पुढे येऊन, टाकतात, हेही विसरू नका. अठरा यार्डांवरून येणारे चेंडू खेळून मॅचमध्ये बावीस यार्डांवर उभं राहिलं की सगळंच हळू वाटतं आणि बॅट आधीच फिरते. नेटवर चुन्याने क्रीझ आखून घ्या.

आयुष्यभर टेनिस बॉल खेळलो. आता सीझन बॉलवर, म्हणजे लेदरच्या कडक चेंडूवर, यायचंय. काय बदलावं लागेल?

हात, पाय आणि थोडा अहंकार.

टेनिस बॉल साधारण ५६ ते ५९ ग्रॅमचा. सीझन बॉल नियमाप्रमाणे १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. टेनिस बॉल टप्पा पडल्यावर उसळतो आणि त्याचा वेग पडतो, म्हणून आपण थांबून, मागच्या पायावर वजन टाकून, तो लेगला ओढायला शिकलो. सगळी ताकद आपली. सीझन बॉल टप्प्यानंतर घसरत येतो आणि वेग स्वतःबरोबर आणतो. त्याला रस्ता दाखवला तरी पुरतं. टेनिसवाला पहिल्या मॅचमध्ये हमखास दोन प्रकारे जातो: ओढायला जाऊन बोल्ड, नाहीतर बॅट गच्च धरून पुढे ढकलल्यामुळे स्लिपमध्ये कॅच. टेनिस बॉलला कड लागली तर तो पायाशी पडायचा. हा पडत नाही.

मी स्वतः हा बदल पंचविशीत केला. ज्या तीन गोष्टी उपयोगी पडल्या त्या सांगतो. पहिली, खालचा हात सैल. अंगठा आणि पहिलं बोट एवढ्यानेच बॅट धरून डिफेन्सचा सराव करायचा. चेंडू लागून पायाशी मेला पाहिजे. दुसरी, उशिरा खेळणं. बॅट आणि चेंडूची भेट डोळ्यांच्या खाली व्हायला हवी, दोन फूट पुढे नाही. तिसरी, पहिला महिना आडव्या बॅटचा फटकाच मारायचा नाही, फक्त व्हीमध्ये, मिडऑफ ते मिडऑन. टेनिसमध्ये सोसायटीचा सिक्सर किंग असलेल्या माणसाला ही शिक्षाच वाटते, म्हणून वर अहंकार म्हटलं.

टेनिस क्रिकेटने काही चांगलंही दिलेलं असतं. डोळा तयार असतो, यॉर्कर आणि फुलटॉस दोन्ही लवकर ओळखता येतात, आणि शेवटच्या तीन ओव्हरमध्ये बाकीचे घाबरतात तेव्हा टेनिसवाला शांत असतो. ते सोडू नका.

खरं सांगू? चेंडूची भीती वाटते.

वाटायलाच हवी, कडक चेंडू आहे. भीती घालवायच्या आधी सामान पूर्ण घ्या: जाळीचं हेल्मेट, सेंटर गार्ड, थाय पॅड, बरे ग्लोव्हज. टीमच्या किटमधलं एकच घामट हेल्मेट सगळे वापरतात आणि ते कुणालाच नीट बसत नाही, म्हणून स्वतःचं घ्या. बॅटवर खर्च करण्याआधी हेल्मेटवर करा. फील्डिंगला शॉर्ट लेग किंवा सिली पॉइंटला उभं करत असतील तर हेल्मेटशिवाय जाऊच नका. ‘दोनच चेंडू तर आहेत’ म्हणणाऱ्या कॅप्टनला सरळ नाही म्हणा. भारताकडून खेळलेला रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा असताना डोक्याला चेंडू लागूनच मरण पावला.

त्यानंतर सराव. भीतीमुळे मान वळते आणि डोळे चेंडूवरून हटतात. चेंडू लागतो तो बहुतेक वेळा डोळे हटल्यावरच. ओला टेनिस बॉल घ्या, मित्राला पंधरा पावलांवरून छाती-खांद्याच्या उंचीवर फेकायला सांगा आणि बॅट न उचलता फक्त वाकायचं किंवा बाजूला व्हायचं, नजर चेंडूवरच ठेवून. रोज तीस चेंडू. पंधरा दिवसांत फरक पडतो. आपल्या पातळीचा मध्यमगती बोलर ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास टाकतो. तो चेंडू आपल्यापर्यंत यायला सुमारे सहा दशांश सेकंद लागतात. बाजूला व्हायला तेवढे पुरतात. नजर हटली तर मात्र कितीही सेकंद कमीच.

पहिले दहा चेंडू कसे काढायचे?

मुंबईच्या मैदानांवर जुनी मंडळी म्हणतात, पहिला तास बोलरचा. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये आपल्याला तास कोण देणार? पण दहा चेंडू मिळतात, आणि ते घ्यायची आपल्याला लाज वाटते, कारण बाउंड्रीवरून कुणीतरी ओरडत असतो: ‘रन काढ रे!’

दहा चेंडूंसाठी दोनच गोष्टी ठरवा: काय खेळणार नाही आणि एक रन कुठे मिळतो. माझ्यापुरतं, ऑफस्टंपच्या बाहेरच्या चेंडूला दहा चेंडू ड्राइव्ह नाही. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिनने असाच, पण फार मोठ्या प्रमाणावर, निग्रह केला. त्या मालिकेत तो ऑफस्टंपच्या बाहेर पुन्हापुन्हा गेला होता, म्हणून त्याने कव्हर ड्राइव्हच बंद केला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ केल्या. जगातला उत्तम कव्हर ड्राइव्ह ज्याच्याकडे होता त्याने तो कपाटात ठेवून दिला. आपला तर तसाही दहातून तीनदाच नीट लागतो.

चेंडू सोडणं हा वेगळा सराव आहे आणि नेटमध्ये तो कुणीच करत नाही, कारण नंबर वाया गेल्यासारखा वाटतो. पाच मिनिटं फक्त सोडायचे चेंडू मागा. आपला ऑफस्टंप कुठे आहे हे तेव्हाच कळतं.

स्पिन अजिबात कळत नाही.

मलाही सगळा कळत नाही, आणि मी स्वतः स्पिन टाकतो. आपल्या पातळीवर खरी अडचण वळण्याची नसतेच. बहुतेकांचा चेंडू फारसा वळत नाही. आपण क्रीझमध्ये अर्धवट पुढे येऊन थांबतो, ही अडचण आहे. एकतर टप्प्यापर्यंत पोचा, नाहीतर पूर्ण मागे जाऊन वळू द्या. मधल्या जागी उभं राहणाऱ्याला बॅट-पॅड, पायचीत आणि बोल्ड असे तिन्ही धोके एकदम असतात.

मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, खेळत असाल तर जरा जपून. तालुक्याच्या गावी अजून बऱ्याच ठिकाणी मॅट असते, आणि तिच्यावर चेंडू मातीपेक्षा जास्त उसळतो आणि पकडतो. तिथे पुढे वाकून स्वीप मारायला गेलात तर वरची कड लागून चेंडू तोंडावर येतो. मागे जाऊन खेळा.

बोलिंगमध्ये वेग वाढवू की टप्पा सुधारू?

टप्पा. तिशी ओलांडली असेल तर चर्चाच नको.

भारताचे जुने स्पिनर बापू नाडकर्णी नाशिकचे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ मेडन टाकल्या, १३१ चेंडूंत एकही रन नाही. त्या डावातला त्यांचा हिशेब ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, शून्य बळी. बळी नव्हता हेही बघा. असं सांगतात की ते सरावाला खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी नाणं ठेवायचे आणि त्यावर चेंडू पाडायचा प्रयत्न करायचे. म्हणजे आचरेकर सरांचा रुपया स्टंपवर आणि नाडकर्णींचा टप्प्यावर. दोन रुपयांत मुंबई क्रिकेटचा अभ्यासक्रम पूर्ण.

आपल्याला नाणं नको, ते दिसणारही नाही. हातरुमाल ठेवा. मध्यमगती असाल तर बॅट्समनच्या स्टंपपासून साधारण सहा मीटरवर, स्पिनर असाल तर चारच्या आसपास, ऑफस्टंपच्या रेषेत. एकट्याने सहा चेंडू घेऊन जा आणि साठ टाका. किती रुमालाच्या वीतभर आसपास पडले, एवढंच मोजा. माझे पहिल्या दिवशी साठातून नऊ पडले होते. मला वाटलं होतं तीस तरी पडतील.

रन-अप पावलांनी मोजून घ्या आणि सुरुवातीला खूण करा. मॅचच्या दिवशी पावलं उत्साहाने लांब पडतात आणि पहिल्या ओव्हरमध्ये तीन नो-बॉल जातात. रविवारच्या मॅचमध्ये हरण्याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे वाइड आणि नो-बॉल. स्कोअरबुक काढून बघा. १४० च्या स्कोअरमध्ये २५ एक्स्ट्रा सहज सापडतात.

चौथा रकाना बोलरलाही लागू आहे. चौकार गेल्यावर पुढचा चेंडू तुम्ही काय ठरवून टाकला? बहुतेक वेळा उत्तर असतं: रागाने, जोरात, आणि आखूड.

लेगस्पिन शिकतोय, पण खूप मार पडतो.

पडणारच. कॅप्टनला आधीच सांगून ठेवा की दोन ओव्हर देणार असशील तर सलग दे आणि लाँगऑन, डीप मिडविकेट मागे ठेव. एका ओव्हरवर काढलेला लेगस्पिनर कधीच तयार होत नाही. गुगली मात्र वर्षभर विसरा.

सोपे कॅच सुटतात. हात खराब आहेत का?

हात बहुतेक ठीक असतात, झोप लागलेली असते. पंचविसाव्या ओव्हरला डीप मिडविकेटवर उभा असलेला माणूस सोमवारच्या मीटिंगचा विचार करत असतो. बोलर रन-अप सुरू करताना दोन पावलं आत चाला, प्रत्येक चेंडूला. टीव्हीवर सगळे करतात आणि मैदानावर आपण कुणीच करत नाही, अशी ही गोष्ट आहे.

उंच कॅचसाठी आधी जागेवर पोचा, मग हात वर न्या. हात पसरून पळू नका. आणि मॅचच्या आधी प्रत्येकाने दहा उंच आणि दहा सपाट कॅच घेतल्याशिवाय टॉसला जायचं नाही, हा नियम करा. आमच्याकडे कॅच सुटला की संपूर्ण टीम ‘कच्चा लिंबू’ म्हणून ओरडायची. हसू यायचं, पण पुढचा कॅच हमखास सुटायचा. ते आम्ही बंद केलं.

आमच्या टीममध्ये रनआउट फार होतात.

तीनच शब्द: ‘येस’, ‘नो’, ‘वेट’. ‘चल चल’, ‘बघ बघ’, ‘अरे’ हे कॉल नाहीत. चेंडू समोर गेला तर मारणाऱ्याचा कॉल, मागे गेला तर नॉन-स्ट्रायकरचा. ‘वेट’ म्हटल्यावर पुढे ‘येस’ किंवा ‘नो’ आलंच पाहिजे. मी एकदा ‘वेट’ म्हणून चेंडूकडे बघतच राहिलो आणि आमचा कॅप्टन, जो ४८ वर होता, माझ्याच शेजारी येऊन उभा राहिला. पुढचे तीन रविवार मी थर्ड मॅनला होतो.

नॉन-स्ट्रायकरने चेंडू हातातून सुटेपर्यंत क्रीझ सोडू नये. भारताच्या विनू मांकडने १९४७ मध्ये सिडनीला, चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनचे स्टंप उडवून त्याला बाद केल्यापासून त्यावर वाद आहेत. पण २०२२ पासून नियमांच्या पुस्तकात हे ‘अनुचित खेळ’ या भागातून काढून सरळ धावबाद मध्ये घातलं आहे. त्यामुळे तुमचा कुणी असा उडाला तर भांडू नका.

शून्यावर गेलो की आठवडाभर डोक्यातून जात नाही.

रविवारच्या खेळाडूचं हे खास दुखणं आहे. रणजी खेळणाऱ्याला दुसरा डाव असतो, आपल्याला सहा दिवस वाट बघावी लागते. म्हणून आधी एक तास रुसून घ्या, अगदी मनसोक्त. मग नोंद लिहा. आणि त्याच मॅचमध्ये दुसरं काम शोधा: स्कोअर लिहा, अंपायरिंग करा. अंपायरिंग तर सगळ्यांनी करावंच. स्टंपमागे उभं राहून बारा ओव्हर बघितल्या की दुसरे लोक कसे आउट होतात ते दिसतं, आणि त्यात स्वतःचा फटका ओळखू येतो.

नोंदीत चौथा रकाना बरोबर असेल, म्हणजे चेंडू पाहून योग्य निवड केली आणि तरी चांगल्या चेंडूवर गेलात, तर ते शून्य माफ. तसं लिहून टाका आणि विषय संपवा. उलट, आंधळेपणाने फिरवलेले दोन सिक्स बसून चाळीस झाले असतील तर तेही लिहा. मला हे दुसरं अजून जड जातं.

कॅप्टन मला नवव्या नंबरला पाठवतो आणि बोलिंगही देत नाही. काय करू?

आधी त्याला एकट्याला गाठून विचारा, ग्रुपवर नाही. मग स्वतःची एक जागा तयार करा. प्रत्येक रविवारच्या टीममध्ये दोन जागा कायम रिकाम्या असतात: विश्वासाने कीपिंग करणारा आणि सहाव्या बोलरच्या चार ओव्हर टाकणारा. पुण्याच्या केदार जाधवचं बघा. टीममध्ये होता बॅट्समन म्हणून. २०१६ मध्ये धरमशालेला न्यूझीलंडविरुद्ध हातात चेंडू दिला, तर लागोपाठच्या चेंडूंवर दोन बळी घेऊन बसला. त्यानंतर तो खालून, जवळजवळ कमरेतून चेंडू सोडणारा अधूनमधूनचा बोलर म्हणून कामाचा झाला. उलट दिशेने, रोहित शर्मा शाळेच्या टीममध्ये आला तो ऑफस्पिनर म्हणून. आपण कोण आहोत हे आपल्याला आधीच माहीत आहे, हा गैरसमज असू शकतो.

एवढं करूनही वर्षभर नववा नंबरच असेल तर टीम बदला. रविवार आपला आहे.

समोरचे फार बोलतात. उत्तर द्यावं का?

‘खडूस’ हा शब्द मुंबईच्या क्रिकेटने जगाला दिला, पण त्याचा अर्थ शिव्या देणं नाही. विकेट फुकट न देणं, शेवटचा एक रनही न सोडणं, हा तो खडूसपणा. समोरचा बोलत असेल तर त्याचा बोलर थकलाय, एवढं समजा आणि ग्लोव्हजचा पट्टा परत लावा. मी एकदा उत्तर दिलं होतं. पुढच्याच चेंडूला स्टंप्ड. यष्टिरक्षकाचाच तो डाव होता, हे झाडाखाली बसल्यावर कळलं.

चाळिशी आली. आता सुरू करण्यात अर्थ आहे का?

प्रवीण तांबे मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं क्लब आणि ऑफिसचं क्रिकेट खेळत होता. २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता आणि तोवर एकही प्रथम श्रेणीचा सामना खेळलेला नव्हता. त्याच वर्षी पुढे मुंबईकडून रणजी खेळला, २०१४ मध्ये आयपीएलमध्ये हॅटट्रिकही घेतली. ही गोष्ट सांगितली की लोकांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो: तो त्या सगळ्या वर्षांत खेळतच होता. आपण सोफ्यावरून उठून थेट तिथे जात नाही.

चाळिशीत वेग जातो, समज राहते. फर्स्ट स्लिप, चार ओव्हर स्पिन, पाचव्या-सहाव्या नंबरला स्ट्राइक फिरवणं, ही कामं वाढत्या वयाला शोभतात. आणि पोरांना ओरडायचा परवाना मिळतो.

फिटनेससाठी किमान काय?

आठवड्यातून तीन दिवस तरी अंग हलवा. बावीस यार्डांच्या धावा सारख्या थांबून-वळून काढायच्या असतात, त्यामुळे एका लयीत पाच किलोमीटर पळणं पुरत नाही. वीस मीटरवर दोन चपला ठेवा, बॅट हातात घेऊन दोन-दोन रन धावा, मध्ये अर्धा मिनिट थांबा, असं दहा वेळा. मांडीचा मागचा स्नायू आणि जांघ, रविवारवाल्यांची ही दोन ठिकाणं हमखास दुखावतात. तेही पहिल्या पाच ओव्हरमध्ये, कारण गाडीतून उतरून थेट फील्डिंगला गेलेले असतो. थंड खांद्याने बाउंड्रीवरून थ्रो करू नका. एप्रिल-मेमध्ये नुसतं पाणी पिऊन पेटके येतात. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत सोबत ठेवा, आणि मॅचच्या आधी मिसळ नको. मॅचनंतर अवश्य.

बॅट कोणती घेऊ?

जी तुम्ही वरच्या एका हाताने उचलून सरळ धरू शकता ती. टीव्हीवरच्या जाड कडांना भुलून जड बॅट घेतली की ती उशिरा खाली येते. बहुतेकांना ११५० ते ११८० ग्रॅम भरपूर झाले. सुरुवातीला काश्मीर विलोच्या लाकडाची चालेल. इंग्लिश विलो घेतली तर जवसाचं तेल, म्हणजे दुकानात लिनसीड ऑइल म्हणतात ते, हलक्या हाताने लावा आणि लाकडी हातोडीने चार-पाच तास नॉकिंग करा, कडांना विशेष. नवीन बॅट थेट मॅचला नेऊन यॉर्करवर तिचं खालचं टोक फोडणारे तीन जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यातला एक मीच.

पावसाळ्यात चार महिने खेळ बंद. काय करायचं?

मुंबईत बंद नसतो. कांगा लीग ही तिथल्या क्लबांची स्पर्धा १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, आउटफील्डला पोटरीएवढं गवत. जमिनीवरून मारलेला उत्तम फटका वीस पावलांवर गवतात अडकतो. त्या चिखलात एक रन काढायला काय लागतं, हे कळलेले बॅट्समन पुढे कुठल्याही खेळपट्टीवर टिकले, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. त्यातला थोडा अभिमान बाजूला केला तरी बरंच उरतं.

पुण्यात किंवा इतर गावी तशी सोय नसेल तर टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळा, पण सावधपणे. तिथे जाळीला मारलेला प्रत्येक चेंडू रन देतो आणि हवेत मारायची सवय लागते. त्यापेक्षा घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं शॅडो प्रॅक्टिस, म्हणजे चेंडूशिवाय फटक्यांचा सराव, करा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना द्या.

परदेशात राहतो. इथल्या क्लबमध्ये बॅटिंग जमत नाही.

इंग्लंडमध्ये असाल तर तिथला एप्रिल-मे म्हणजे ओलसर, मऊ खेळपट्टी आणि ड्यूक्स कंपनीचा स्विंग होणारा चेंडू. आपल्याकडे एसजी कंपनीच्या चेंडूवर, कडक मातीवर हात पुढे टाकून ड्राइव्ह मारायची सवय असते आणि तिथे तोच चेंडू थांबून येतो. जूनपर्यंत उशिरा खेळा, मागे थांबा. क्लबमध्ये चहाची जबाबदारी पाळीपाळीने असते असं ऐकलं असेल. तुमची पाळी आली की कांदेपोहे न्या. आमच्या एका जुन्या ओपनरला लीसेस्टरजवळच्या एका क्लबात आधी पोह्यांमुळेच नाव मिळालं, रन नंतर झाले.

कोच लावू की व्हिडिओ बघून शिकू?

महिन्यातून एकदा कोच, बाकी स्वतःचा व्हिडिओ. मोबाइल स्टंपमागे आणि एकदा पॉइंटच्या बाजूने लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मॅचच्या आदल्या दिवशी काहीही बदलू नका. इंटरनेटवर रोज नवा ‘सिक्स मारायचा मंत्र’ येतो. तो बघून रविवारी पहिल्याच चेंडूवर गेलात तर चौथ्या रकान्यात काय लिहायचं, ते तुम्हाला आता माहीत आहे.

रविवार क्रिकेटमध्ये जातो म्हणून घरी कुरबूर होते.

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शनिवारी भाजी आणतो, रविवारी पांढरे कपडे स्वतः धुतो. लाल चेंडूचे डाग लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवले तर बऱ्यापैकी जातात. चिखलाचे जात नाहीत.